माती खाल्ली, पण गोड! ओव्हन नसताना बिस्किट आणि पुडिंगचे थर नेमके जमतात कसे?

एखाद्यानं ऐन वेळी मोठा घोळ घातला की आपण म्हणतो, "माती खाल्ली राव यानं." लहानपणी खरोखरची माती खाल्ली म्हणून पाठीत धपाटा बसलेले लोकही आपल्यात कमी नाहीत. यशोदेनं कृष्णाला तोंड उघडायला लावलं ते याच संशयावरून.

इन्स्टाग्रामवर मात्र माती खाण्याचा एक प्रकार सध्या वाढदिवसांच्या निमित्तानं सारखा दिसतो. पारदर्शक ग्लास, त्यात काळा भुगा, मध्ये पिवळसर-पांढरा मऊ थर, वरून लोंबणारं लालभडक गांडूळ आणि कोपऱ्यात खोचलेलं पुदिन्याचं रोप. पोरं आधी "ईऽऽ" करतात आणि मग ग्लास चाटून पुसून परत करतात. अमेरिकेत याला ‘डर्ट केक’ किंवा ‘डर्ट पुडिंग’ म्हणतात. काळा भुगा म्हणजे चॉकलेट बिस्किटांचा चुरा, मऊ थर म्हणजे पुडिंग आणि गांडूळ म्हणजे जेलीची गोळी. तिकडची हौशी मंडळी हे कोऱ्या कुंडीत भरतात आणि खुरप्यानं वाढतात.

रीलखाली हमखास लिहिलेलं असतं: ओव्हन नको, गॅस नको, दहा मिनिटांत तयार. आपल्याकडं हा पदार्थ फसतो तो बहुतेक वेळा या ओळीमुळे.

तो का फसतो आणि न फसवता कसा करायचा, हे समजून घेण्यासाठी आपण एक गाव धरू. बारामती तालुक्यातलं मोरगाव.

मोरगावच का?

मोरगाव म्हटलं की मयूरेश्वर. अष्टविनायकाची यात्रा परंपरेनं इथून सुरू होते, त्यामुळे महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी कऱ्हाकाठचं हे गाव कधी ना कधी पाहिलेलं असतं. पण आपल्या पदार्थाच्या दृष्टीनं गावाची दुसरी ओळख कामाची आहे.

बारामती म्हटलं की ऊस आणि कालवा आठवतो. तालुक्याचा पश्चिमेचा भाग, म्हणजे मोरगाव, सुपे, लोणी भापकर हा पट्टा, मात्र जिरायती. पाऊस बेताचा, पीक बेभरवशाचं, त्यामुळे घर चालवायला दुभत्या जनावरांचा आधार मोठा. म्हणजे घरात ओव्हन असण्याची शक्यता कमी, पण दूध-दही जवळ. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. ओव्हनशिवायच्या पदार्थाची याहून चांगली परीक्षा कुठं होणार? इथं जमलं तर पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जमेलच.

एक गंमतही सांगण्यासारखी आहे. बारामतीच्या एमआयडीसीत श्रायबर डायनॅमिक्सचा चीजचा कारखाना आहे. फेरेरो कंपनीचाही कारखाना तिथंच आहे, आणि पोरं ज्यासाठी दुकानात लोळण घेतात ते किंडर जॉय तिथं तयार होतं. ते उघडून नीट बघा. एका अर्ध्या भागात दुधाच्या आणि कोकोच्या क्रीमचे थर, त्यात दोन कुरकुरीत गोळे, आणि खायला चिमुकला चमचा. मऊ आणि कुरकुरीत एकाच चमच्यात, हीच तर आपल्या पदार्थाचीही कल्पना. तरी अमेरिकन कृतीत लागणारं क्रीम चीज गावातल्या किराणा दुकानात मागून बघा, दुकानदार फार तर चीजच्या चौकोनी वड्या पुढं करेल. काळजी नको, त्याला घरचा पर्याय आहे.

भुसा, माती आणि मारी

बिस्किट आणि मलईचे थर लावून, न भाजता, नुसते थंड करून खाणं हे काही अमेरिकेचं एकटीचं डोकं नाही. आपल्या शेजारी गोव्यात ‘सेराडुरा’ नावाचा पोर्तुगीज वळणाचा गोड पदार्थ मिळतो. फेटलेली मलई आणि कंडेन्स्ड मिल्क यांचा एक थर, मारी बिस्किटांच्या बारीक चुऱ्याचा दुसरा, असं करत ग्लास भरायचा आणि गार करायचा. पोर्तुगीज भाषेत सेराडुरा म्हणजे लाकडाचा भुसा. चुरा अगदी सुताराच्या करवतीखालून पडल्यासारखा दिसतो म्हणून हे नाव. चीनमधल्या मकाऊ या पोर्तुगीजांच्या जुन्या वसाहतीतही तो तितकाच लाडका आहे.

म्हणजे गोव्यात भुसा खातात आणि अमेरिकेत माती.

यातल्या मारी बिस्किटाचा जन्म १८७४चा, लंडनमधल्या पीक फ्रीन्स या कंपनीतला. रशियाच्या राजकन्या मारिया अलेक्झांद्रोव्हना यांच्या लग्नानिमित्त ते काढलं होतं. राजघराण्याच्या लग्नाचं बिस्किट आज आपल्याकडं आजारी माणसाच्या चहासोबत दिलं जातं, हा काळाचा महिमा.

अमेरिकेत १९२० आणि १९३०च्या दशकांत घराघरांत फ्रिज येऊ लागले तेव्हा पातळ चॉकलेट बिस्किटं आणि मलई यांचे थर रात्रभर गार करून केक करायची पद्धत रुळली. डर्ट केक हे तिचंच पुढचं खट्याळ भावंड. त्यातलं ओरिओ बिस्किट १९१२चं, भारतात मात्र ते २०११मध्ये आलं.

आता कळीचा प्रश्न.

‘गॅस नको’ ही भानगड काय आहे?

अमेरिकन कृतीत ‘इन्स्टंट पुडिंग’ची पावडर असते. ती थंड दुधात घालून फेटली की पाच मिनिटांत दूध घट्ट होतं. कारण त्यातला स्टार्च कारखान्यातच शिजवून, वाळवून, दळलेला असतो. तो पाण्यासाठी तहानलेलाच असतो. जोडीला काही क्षार असतात, ते दुधातल्या प्रथिनांना धरून घट्टपणा वाढवतात.

आपल्या दुकानातली कस्टर्ड पावडर दिसायला तशीच, पिवळी आणि सुवासिक. पण ती म्हणजे मुख्यतः कच्चं कॉर्नफ्लोअर, रंग आणि वास. कच्च्या स्टार्चचे कण थंड दुधात नुसते तरंगतात आणि थोड्या वेळानं तळाशी बसतात. साधारण ६०-७० अंश सेल्सिअसच्या पुढं गेल्यावर ते पाणी पिऊन फुगतात, एकमेकांना खेटतात आणि तेव्हा कुठं दूध आळतं. रील बघून थंड दुधात कस्टर्ड पावडर फेटणाऱ्याच्या पदरी पिवळं, पातळ, जिभेला पिठूळ लागणारं दूध पडतं. पाहुणे दारात, आणि पुडिंग अजून दूधच.

त्यामुळे ‘ओव्हन नको’ हे खरं, ‘गॅस नको’ हे आपल्याकडं खोटं.

कस्टर्ड पावडरवर रागावू नका मात्र. तिचा जन्मच काळजीपोटी झालाय. मूळ इंग्रजी कस्टर्ड अंड्याच्या बलकानं घट्ट करतात. बर्मिंगहॅममधल्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती, म्हणून त्यानं १८३७मध्ये कॉर्नफ्लोअर वापरून बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं. बायकोच्या पथ्यासाठी केलेली ही पावडर पुढं आपल्या शाकाहारी घरांच्या फार कामाला आली. पुण्याच्या वाईकफील्ड कंपनीनं १९५६पासून ती मराठी घरांच्या फडताळात नेऊन बसवली. फ्रूट कस्टर्ड म्हटलं की अनेकांना तो डबा आठवतो.

विहिरीचा ग्लास

‘डर्ट केक’मध्ये बहुतेक जण एकच काळा चुरा वापरतात. मोरगावकडच्या माणसाला हे पटायचं नाही, कारण जमीन अशी एकाच रंगाची नसते, हे त्याला ठाऊक असतं. या भागात विहीर खणताना काय लागतं ते कुणाही जुन्या माणसाला विचारा. वर काळी माती, तिच्याखाली कुठं कुठं चुनखड, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी काळा पाषाण. सगळं मूळचं एकाच बेसाल्ट खडकाचं, कमीअधिक झिजलेलं.

हाच क्रम ग्लासात लावला तर? माझ्या मते या पदार्थाची खरी मजा इथं आहे. गांडुळावर पोरं पाच मिनिटं हसतील, पण ‘आपल्या विहिरीचा ग्लास’ म्हटल्यावर आजोबाही खुर्ची पुढं ओढतील आणि थरांची नावं चुकली असतील तर दुरुस्त करतील.

तर तळाला पाषाण आणि मांजऱ्या म्हणून चॉकलेटचे आणि बिस्किटांचे ओबडधोबड तुकडे. त्यावर मुरूम म्हणून मारी किंवा ग्लुकोज बिस्किटांचा जाडसर भरडा. मग चुनखडीचा पिवळसर-पांढरा थर, म्हणजे आपलं पुडिंग. आणि वर काळी माती.

काळ्या मातीसाठी कुठलं बिस्किट घ्यायचं यात थोडं डोकं लावावं लागतं. बोरबॉन किंवा साध्या चॉकलेट बिस्किटांचा चुरा केला तर तो तांबूस-तपकिरी होतो. ओरिओसारखी बिस्किटं जवळजवळ काळी दिसतात, कारण त्यांतला कोको अल्कलीनं प्रक्रिया केलेला असतो. त्यानं रंग गडद होतो आणि कडवटपणा सौम्य. घरातली साधी कोको पावडर कितीही घातली तरी तो काळा रंग येत नाही, उलट चुरा कडू होतो. म्हणून काळीसाठी काळं बिस्किटच घ्या. कोकणातल्या पाहुण्यांसाठी करत असाल तर बोरबॉन चालेल, त्यांची माती तांबडीच असते.

आता प्रत्यक्ष करू

हे प्रमाण साधारण वीस छोट्या ग्लासांचं आहे, म्हणजे चहाच्या कपाहून जरा लहान ग्लास. दूध १ लिटर, कस्टर्ड पावडर ८० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, चक्का अर्धा किलो, पिठीसाखर ५०-६० ग्रॅम, काळी बिस्किटं ३५० ग्रॅम, मारी किंवा ग्लुकोज बिस्किटं २५० ग्रॅम, लोणी किंवा पातळ केलेलं तूप ३-४ चमचे आणि चॉकलेटची एक वडी.

चक्का म्हणजेच आपलं क्रीम चीज. अमेरिकन कृतीत क्रीम चीज आणि फेटलेली मलई दोन्ही लागतात. आपल्याकडं डब्यात मिळणाऱ्या साध्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्के असतो, त्यामुळे ते कितीही फेटलं तरी नीट फुलत नाही. बेकरीतलं फुलणारं क्रीम बहुतेकदा वनस्पती तुपाच्या जातीचं असतं, खाल्ल्यावर टाळूला चिकटतं. श्रीखंडाचा चक्का या दोन्हींपेक्षा चवीला सरस, असं मी ठामपणे म्हणेन. त्याचा किंचित आंबटपणा चॉकलेटच्या गोडीला छान कापतो. गोड, ताजं, दाट दही सव्वा किलोच्या आसपास घेऊन मलमलच्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात ते बाहेर टांगू नका, आंबट होईल. चाळणीत ठेवून, खाली पातेलं ठेवून फ्रिजमध्ये रात्रभर निथळू द्या. म्हणजे हे काम कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, रात्री.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कस्टर्ड. लिटरभर दुधातलं एक कप दूध बाजूला काढा आणि ते थंड असतानाच त्यात पावडर विरघळवा. गरम दुधात पावडर थेट टाकली तर कणांचा बाहेरचा भाग लगेच फुगतो, आतलं पीठ कोरडंच अडकतं आणि गुठळ्या होतात. त्या मग रवीनंही मोडत नाहीत. बाकीचं दूध साखर घालून जाड बुडाच्या पातेल्यात उकळा. गोठ्यातलं किंवा संकलन केंद्रावरचं कच्चं दूध असेल तर उकळणं आलंच, पिशवीचं असलं तरी इथं सूट नाही. उकळी आली की आच मंद करा, विरघळवलेली पावडर पुन्हा एकदा ढवळून धार धरून ओता आणि हात थांबवू नका. दूध आळायला लागल्यावर लगेच गॅस बंद करायचा मोह होतो. तो टाळा. पिठल्यासारखे बुडबुडे फुटू लागल्यावर आणखी दोन मिनिटं शिजवा, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते.

आता एक गोष्ट, जी रीलवर कुणी सांगत नाही. गोडी बघायला चमचा तोंडात घातला, तर तोच चमचा परत पातेल्यात घालू नका. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं, ते स्टार्च तोडतं. कस्टर्ड कोमट झाल्यावर त्यात उष्टा चमचा फिरला, तर तासाभरानं घट्ट पुडिंग पातळ झालेलं दिसू शकतं आणि बिचाऱ्या पावडरला शिव्या बसतात. उष्ट्याबाबत आजीचा नियम इथं रसायनशास्त्रानंही पाळलाय.

पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवून, अधूनमधून ढवळत निववा, म्हणजे साय धरणार नाही. हाताला अजिबात ऊब लागत नाही इतकं गार झाल्यावरच चक्का मिसळा. चक्का आधी पिठीसाखर घालून गुळगुळीत फेटून घ्या. गरम कस्टर्डमध्ये आंबट चक्का गेला की मिश्रण फुटतं, रवाळ होतं आणि मग ते पुन्हा एकजीव होत नाही. माती खाण्याची दुसरी जागा ती ही.

बिस्किटांसाठी मिक्सर फार फिरवू नका. एकसारखी पूड झाली की ती मातीसारखी न दिसता कोकोसारखी दिसते. पिशवीत घालून लाटण्यानं कुटा. काही कण बारीक, काही ढेकळं राहिली पाहिजेत. काळ्या बिस्किटांमधलं पांढरं क्रीम आधी सुरीनं खरवडून काढा, नाहीतर चुरा चिकट होऊन गोळे होतात. ते क्रीम टाकायचं नाही, चक्क्यात घाला आणि तेवढी पिठीसाखर कमी करा. हे खरवडण्याचं काम पोरांना द्यायला उत्तम, फक्त काही क्रीम हिशेबात येणार नाही हे धरून चाला.

ग्लुकोज बिस्किटांच्या भरड्याला लोणी किंवा तूप चोळून घ्या. मग ग्लासात तळाला चॉकलेटचे खडे, वर हा मुरूम हलक्या हातानं दाबून, वर दोन-तीन मोठे चमचे पुडिंग, मग पातळसा काळा थर, पुन्हा पुडिंग. झाकून फ्रिजमध्ये. सगळ्यात वरची काळी माती आत्ता घालायची नाही.

फ्रिजमध्ये रात्रभर काय घडतं?

बिस्किटात पाणी अगदी थोडं असतं, म्हणून तर ते कुरकुरीत. पुडिंगमध्ये बहुतांश पाणीच. दोघं शेजारी आले की पाणी पुडिंगमधून बिस्किटाकडं सरकत राहतं. चार-सहा तासांत मधला चुरा ओलसर, मऊ, स्पंज केकसारखा होतो. भट्टी न लावता ‘केक’ होतो तो असा. पुडिंगही या काळात घट्ट होतं, कारण शिजलेल्या स्टार्चचे धागे गार होताना एकमेकांत गुंततात.

तळाच्या मुरुमाला तूप चोळलं ते या पाण्याला थोपवायला. कणांवर तुपाचा लेप बसला की पाणी हळू शिरतं आणि तळाशी थोडा खुसखुशीतपणा टिकतो. आणि वरची माती आयत्या वेळी घालायची कारण ती कोरडी, भुसभुशीत दिसली तरच माती वाटते. रात्री घातली तर सकाळी चिखल. (पावसाळी थीम असेल तर चिखल चालेल म्हणा.)

घाई झाली म्हणून ग्लास फ्रीजरमध्ये टाकू नका. गोठून सुटल्यावर कॉर्नफ्लोअरची जाळी पाणी सोडते, आणि चमचा घातला की खाली पाण्याचं डबकं दिसतं. विहिरीला पाणी लागलं, असा विनोद एकदाच चालतो.

गांडुळांचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे

बाजारातल्या अनेक जेली गोळ्यांमध्ये जिलेटिन असतं आणि जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं. वाढदिवसाला गल्लीतली सगळी पोरं येतात, त्यात माळकरी घरातली असतात, जैन असतात. त्यांच्या आईवडिलांना नंतर कळण्यापेक्षा आधी पाकीट उलटून बघणं सोपं. हिरवा ठिपका असेल तर ठीक. मांसाहारी पदार्थांवर आता तपकिरी त्रिकोण असतो, जुन्या छपाईवर तपकिरी ठिपका दिसेल. शाकाहारी जेलीत जिलेटिनऐवजी पेक्टिन, स्टार्च किंवा अगर असतं.

त्यापेक्षा गांडुळं घरी करा. किराणा दुकानात मिळणारं चायना ग्रास, म्हणजेच अगर, समुद्री शेवाळापासून बनतं. २०० मिली पाण्यात त्याची ४ ग्रॅम पावडर घालून दोन-तीन मिनिटं चांगली उकळा, गॅस बंद करून ५० मिली गुलाबाचं सरबत मिसळा आणि ताटात पातळ ओता. अर्ध्या तासात ते फ्रिजशिवाय बसतं. मग सुरीनं लांब, नागमोडी पट्ट्या कापा. लिंबाचं किंवा कोकमाचं आंबट सरबत घेतलं तर अगर नीट बसत नाही, म्हणून गुलाब. या पट्ट्या बाजारच्या गांडुळांसारख्या ताणल्या जाणार नाहीत, ओढल्या की तुटतील. पण अगरचा एक मोठा गुण आहे. जिलेटिन तिशी-पस्तिशीच्या तापमानाला वितळू लागतं, अगर मात्र एकदा बसलं की ८० अंशांच्या पुढं गेल्याशिवाय वितळत नाही. मे महिन्यात मांडवाखाली कुठलं गांडूळ टिकेल हे वेगळं सांगायला नको.

आणि गंमत करताना घरात दीड-दोन वर्षांचं मूल असेल तर जरा जपून. त्याला बिस्किटाची माती आणि अंगणातली माती यातला फरक कळत नाही. एवढ्या लहान मुलाला लांब, चिवट जेली तर देऊच नये, घशात अडकू शकते. मोठं मूल वारंवार खरी माती, खडू किंवा भिंतीचे पोपडे खात असेल तर तो खोडकरपणा समजून मारू नका. शरीरात लोह कमी असल्याचं ते लक्षण असू शकतं, डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. मातीतून जंतांची अंडीही पोटात जातात. शाळा-अंगणवाड्यांमधून दरवर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी देतात ती याचसाठी.

वीज गेली तर?

दूध आणि शिजवलेला स्टार्च हे मिश्रण जिवाणूंनाही आवडतं. साधा नियम असा की असा पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मोरगावच्या उन्हाळ्यात म्हणजे एक तासच धरा. सगळे ग्लास टेबलावर मांडून फोटो काढत बसायचं आणि औक्षण, केक, भाषणं झाल्यावर वाटायचे, हे चालणार नाही. फोटो एका ग्लासाचा काढा, बाकीचे आत ठेवा.

वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, बंद फ्रिज तीन-चार तास बऱ्यापैकी गार राहतो. त्याहून जास्त वेळ जाईल असं दिसलं तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून त्यात ग्लास ठेवा, तोंडाला घट्ट झाकण लावून, म्हणजे बर्फाचं पाणी आत जाणार नाही. चक्क्याच्या आंबटपणावर भरवसा ठेवू नका, दुधाच्या मानानं तो फार थोडा आहे.

कुंडीत वाढायची हौस असेल तर रोपवाटिकेतली प्लास्टिकची किंवा रंगवलेली कुंडी नको, ती खाण्यासाठी बनवलेली नसते. कोरी कुंडी बाहेर ठेवून आत स्टीलचं भांडं बसवा. खुरपंही नवंच घ्या, नाहीतर डाव बरा.

शेवटी खास मोरगावच्या यजमानांसाठी. वाढदिवस संकष्टीला आला, तर निम्म्या मोठ्या माणसांचा उपास असणार आणि बिस्किटात मैदा असल्यानं त्यांना हे तेव्हा चालणार नाही. चंद्रोदय साधारण रात्री आठ ते दहाच्या दरम्यान असतो. तेवढे ग्लास वरची माती न घालता फ्रिजमध्येच राहू द्या आणि त्यांच्या वाट्याचा काळा चुरा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यावर नाव लिहा, नाहीतर चंद्र उगवेपर्यंत पोरं तो संपवतील. पुडिंगचे उरलेले ग्लास दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खाऊन टाका.